गाडी किती उचलायची? दहिवडीहून सांगलीपर्यंत तिघं जण आणि एक पिकअप

आमच्या घरी गाडी आली त्या दिवशी तिच्यापुढे नारळ फुटला, आणि दुसऱ्याच दिवशी गाडीचं पोट फुटायची वेळ आली. घरापासून मेंढरांच्या तळाकडे जाणारी वाट ओढ्यातून जाते. ओढ्यात आडवा कातळ आहे आणि त्याला मधोमध उंचवटा. बैलगाडी त्याच्यावरून खडखडत निघून जाते. माझ्या दादाने मोठ्या तोऱ्यात पिकअप घातली, खालून खर्रकन आवाज आला, आणि चाकं दोन्ही बाजूंना लोंबत ठेवून गाडी कातळावर बसली. तिला मागे काढायला चार माणसं, एक पहार आणि आख्खी दुपार लागली. गाव बघायला आलं होतं हे वेगळं सांगायला नको.

त्यातूनच ही सहा दिवसांची सफर घडली. गाडी किती उचलायची आणि तिला कुठली चाकं बसवायची, एवढं ठरवायला आम्ही सातारा, कोयनानगर, कराड, सांगली असे फिरलो. आज माझे भाचे मोबाइलवर बोट फिरवून हे दहा मिनिटांत ठरवतात आणि वर मला विचारतात, "आत्या, तुमच्या वेळी गाड्या उचलायचे?" त्यांच्यासाठी, आणि त्या रस्त्याने जायचं मनात असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. फोटो मागू नका. कॅमेरा नावाची वस्तू आमच्या वाडीत कुणाच्या लग्नालासुद्धा येत नसे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. दादा, म्हणजे थोरला भाऊ महादेव, बारा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता. परत येताना मिळालेल्या पैशातून त्याने फौजेच्याच लिलावातली जुनी जीपची पिकअप घेतली. पुढे तिघांपुरतं बाकडं, मागे उघडा हौदा, हिरवा रंग अजून जागोजाग शाबूत. आणि आबा, आमचे वडील, आयुष्यभर मेंढरांमागे चाललेले. दिवाळी झाली की आमचा कळप पश्चिमेला, नदीकाठच्या उसाच्या गावांकडे निघायचा. तिकडचे बागायतदार रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर कळप बसला की रानाला खत मिळतं आणि मेंढरांच्या माणसांना धान्य.

पण दुष्काळात कळप जगवताना आबांचा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी लांबचं चालणं बंद करायला सांगितलं. न चालणारा माणूस कळप कसा नेणार? कातळावरून गाडी ओढून काढली त्या संध्याकाळी आबांनी निकाल दिला.

"गाडी तळापर्यंत आली, गाभन मेंढ्या न् कोकरं घिऊन निगाली, तर म्या बी तिच्यात बसून येतो. न्हाई आली, तर येत्या बाजाराला यापारी येतोय. समदी देऊन टाकतो."

व्यापारी खरोखरच येणार होता, सात दिवसांनी. आई त्या रात्री जेवली नाही. दादा म्हणाला, "सहा दिसांत गाडी उचलून आनतो." आबा म्हणाले, "म्या बी येतो." आणि मग माझ्याकडे बघून, "हिरा बी येऊंद्या. गॅरेजवाला एक सांगतो, तुजा दादा भलतंच ऐकतो. लिहून घ्यायला कोनतरी पायजे." माझ्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला उपयोग.

निघण्याआधी आबांनी आपली काठी कातळाच्या उंचवट्याला लावली आणि कोयत्याने खूण केली. मग गाडीखाली काठी धरून दुसरी खूण. दोन खुणांमध्ये बरोबर एक इंच. दादाची पट्टी आणि आबांची काठी यांचं एकमत झालेला माझ्या आठवणीतला तो एकमेव प्रसंग.

पहाटे दहिवडीवरून निघालो. बाकड्यावर डावीकडे आबा, उजवीकडे दादा, मध्ये मी, आणि माझ्या गुडघ्यांत गिअरचा दांडा. दादा गिअर बदलायचा तेव्हा आधी "हिरे, पाय" असं म्हणायचा. पुसेगावपर्यंत मला ते न सांगता कळायला लागलं. तेव्हाच्या रस्त्यावर डांबर मधल्या पट्ट्यात होतं, समोरून एसटी आली की एक चाक मातीत उतरवावं लागे, आणि मागचा धुरळा खिडकीतून पुढे येऊन आपल्याला गाठे. कोरेगावात चहा प्यालो, चाराण्याला एक. आबांनी बशीत ओतून फुंकून प्यायला आणि चहावाल्याला विचारलं, "दूध शेळीचं हाय काय?" चहावाल्याने मान खाली घातली. आबा म्हणाले, "वाईट न्हाई. म्या नुसतं वळखलं."

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे टायरची मोठी दुकानं होती. आम्ही शिरलो त्या दुकानातले शेठ गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी आमचं भविष्य सांगून टाकलं.

"चार इंचांचे जादा पाटे टाका. टायर नऊशे सोळाचे घ्या. आणि डिस्क उलट्या करून बसवा, चाकं बाहेर येतात. अशी दिसेल गाडी, वाघ दिसेल वाघ."

पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी वाकड्या पट्ट्या. डिस्क म्हणजे टायर ज्याच्यावर बसतो तो लोखंडी चक्का. नऊशे सोळा म्हणजे टायरचं माप, फौजेच्या मोठ्या ट्रकांना असतात ते जाडजूड टायर. आमच्या गाडीचे सहाशे सोळाचे होते. मी सगळं वहीत उतरवलं. दादाचे डोळे चमकत होते. फौजी माणसाला मोठं चाक दिसलं की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"आणि काय भरणार गाडीत?" शेठनी विचारलं.

"माल," दादा म्हणाला.

आबा माझ्या कानाशी वाकले. "वाघ केल्यावर मेंढरं बसतील व्हय गं तिच्यात?" मला हसू आवरेना. पण दादाने 'माल' म्हटलं ते मला खटकलंही. शेठना वाटलं मी किमतीला हसते आहे. त्यांनी लगेच थोडी कमी केली. आबांनी "उद्या बगू" असं म्हणून आम्हाला बाहेर काढलं. एसटी स्टँडामागच्या लॉजमध्ये पाच रुपयांची खोली घेतली. दादाला खिडकीतून गाडी दिसायला हवी होती, म्हणून आबा खाटेवर, मी सतरंजीवर आणि दादा खिडकीत असे झोपलो. कंदी पेढे घेतले होते, ते घरी न्यायचे म्हणून बांधून ठेवले आणि सकाळपर्यंत संपले.

दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून पाटणकडे वळलो आणि मी खिडकीकडे जागा मागून घेतली. माणदेशातल्या पोरीला एवढी हिरवळ एकदम दाखवू नये. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, खाली कोयना, वर डोंगरांच्या रांगा. आबा माझ्यावरून वाकून खाचरातलं पाणी बघत होते. मग म्हणाले, "हितं मेंढरू आजारी पडंल. पाय सडतील." त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. तुम्ही गेलात तर पाटणच्या पुढे सावकाश चालवा. वळणावर समोरचं दिसत नाही, आणि सदुसष्टच्या भूकंपानंतर सैल झालेले दगड तेव्हा अधूनमधून रस्त्यात उतरलेले असत.

कोयनानगरात दादाचा फौजेतला जोडीदार पांडबा धरणाच्या वसाहतीत राहायचा आणि जीपा दुरुस्त करायचा. त्याने आधी जेवायला घातलं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, वर ताक. मग हात धुऊन तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला.

"म्हादा, खाली ये गड्या. न्हाई, तू न्हाई. आबा, तुमी या. तुमास्नी दावतो."

आबा गुडघा सांभाळत आडवे झाले. मीही वाकले. दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणारा. त्याच्या तळाला ताजं खरचटलेलं चकाकत होतं. वर गाडीच्या सांगाड्याला कुठेही ओरखडा नव्हता.

"कातळाला काय लागलंय? ह्यो गोळा," पांडबा म्हणाला. "गोळा कशावर बसलाय? चाकांवर. पाटं हायत त्याच्या वर. तुमी चार इंच पाटं टाका न्हाईतर हातभर टाका, गाडी वर जाईल, गोळा हितंच ऱ्हाईल."

दादा कंबरेवर हात ठेवून उभा होता. बारा वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं, आणि त्याचा चेहरा तसा झाला होता. आबा मात्र गाडीखालूनच बोलले.

"खरं हाय की रं. बैलगाडीला पाटं कुटं असत्यात? चाक मोठं, म्हनून ती जाती."

पांडबा हसत हसत बाहेर आला. "आबांनी एका वाक्यात उरकलं." मग त्याने दादाला पुढचं समजावलं आणि मी लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, अक्षर माझं आणि तेलाचे डाग पांडबाच्या बोटांचे. नऊशे सोळा घातले तर चाक एवढं मोठं होतं की घाटात गाडीचा दम तुटतो, स्टिअरिंग ओढताना खांदे भरून येतात, आणि वळण घेताना टायर मडगार्डला घासतो. डिस्क उलट्या केल्या की चाकं बाहेर जातात, दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर आडवा भार येतो. त्यापेक्षा सातशे सोळा घ्यायचे. उंच, पण अरुंद. तुमच्याच डिस्कवर बसतात. गोळा सव्वा इंच वर येतो.

"आमाला एक इंच पायजे," मी म्हणाले.

"मग पाव इंच तुला बक्षीस," पांडबा म्हणाला.

पाट्यांचं कामही होतंच. आमचे जुने पाटे बसून सपाट झालेले. त्यांच्यावर सातशेचं चाक घातलं की भरल्या गाडीत खड्ड्यात ते मडगार्डला टेकणार. म्हणून पाटे दीड-दोन इंच उचलायचे, ते कातळासाठी नव्हे, चाकाला जागा व्हावी म्हणून. "त्याला सांगलीचा अण्णा मिस्त्री," पांडबाने चिठ्ठी लिहून दिली. "पाट्याला हातोड्यानं कमान देतो. तो इचारंल ते खरं सांगा, म्हंजे झालं."

संध्याकाळी धरण बघायला नेलं. एवढं पाणी अडवून ठेवलेलं मी पहिल्यांदा बघत होते. आबांनी हात जोडले, पाण्याला की भिंतीला ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कराडात सातशे सोळाचे चार टायर मिळाले, जुने पण नक्षी शाबूत असलेले. ते हौद्यात टाकून सांगली गाठली. सांगलीच्या वेशीवरच हळदीचा वास नाकात शिरतो. व्यापारपेठेत पोत्यांच्या थप्प्या, हमालांची अंगं पिवळी, कुत्रीसुद्धा पिवळी. तुम्ही गेलात तर भडंग विकत घ्या, पण गाडीत बसून खाऊ नका. आमच्या बाकड्याच्या फटीतून दिवाळीपर्यंत चुरमुरे निघत होते.

अण्णा मिस्त्रीची भट्टी मिरजेच्या रस्त्याला होती. साठीचा माणूस, कानात भिकबाळीसारखी जाड बाळी, कपाळाला भस्म. आजोळ कर्नाटकात, म्हणून बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द. त्याने पांडबाची चिठ्ठी वाचली, पाटे बघितले, आणि दादाच्या तोंडाकडे बघत विचारलं, "यात काय भरनार? सांग बरं, त्याच्यावर समदं हाय."

मी वही उघडून उभी होते. आबा बाजूच्या ओट्यावर बसले होते.

"पोती," दादा म्हणाला. "साखरंची, खताची. मिळंल ते भाडं."

मी दादाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आबांनी रस्त्यापलीकडच्या हळदीच्या पोत्यांकडे तोंड फिरवलं आणि ते तसेच बसून राहिले. मला वाटलं आपण बोलावं. पण चार परकी माणसं उभी होती, आणि दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. मी वहीत 'पोती' असं लिहिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

चौथा दिवस भट्टीपाशी गेला. अण्णाने पाट्यांना कमान दिली आणि खाली प्रत्येकी दोन जाड नवे पाटे घातले. लाल झालेली पट्टी ऐरणीवर घेऊन तो हातोडा मारायचा, उचलून डोळ्यापाशी धरायचा, पुन्हा मारायचा. नवी चाकं चढवली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवून बघितलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात त्याची काडेपेटी उभी मावली. "झालं," तो म्हणाला. "दीड टन टाक, हलनार न्हाई."

दुपारी आबा आणि मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. आबा दादाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हिरे, तुज्या शाळंत तुला कोन बोलत हुतं का गं, मेंढरांवरनं?" मी म्हटलं, "बोलायचे की." "मग तू काय करायचीस?" "मी त्यांना गणितं दाखवायची नाही." आबा पहिल्यांदा त्या दिवशी हसले.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी घेऊन निघालो. दिसत होती झकास, हे मान्य करायला हवं. दादा एखाद्या सुभेदारासारखा ताठ बसला. तेवढ्यात आबा म्हणाले, "म्या मागं बसतो."

"आवं आबा, मागं कशाला? धुरळा हाय."

"असूंदे."

ते हौद्यात चढले आणि आम्ही तासगावचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना नुकत्याच लावलेल्या द्राक्षबागा, दगडी खांबांवर तारा. दादा गुणगुणत होता. गाडी खड्ड्यातून जाताना उशी नसलेल्या खुर्चीसारखी आदळत होती, पण दादाच्या लेखी तो तिचा रुबाब होता. तासगाव दिसायला लागलं आणि टपावर काठीचे तीन ठोके पडले.

दादाने रस्त्याकडेच्या चिंचेखाली गाडी थांबवली. आम्ही उतरून मागे गेलो, आणि जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. आबा हौद्यात चार पायांवर उभे होते. दोन्ही तळवे आणि दोन्ही गुडघे टेकून, तोही दुखरा गुडघा, फेटा धुळीने पांढरा. सांगलीपासून ते तसेच आले होते.

"काय करताय हे?" दादा ओरडलाच.

"मेंढरावानी उभं ऱ्हाऊन बगितलं." आबांनी धाप टाकली. "तीनदा तोंडावर पडलो. म्या पडलो तर फेटा मळला. गाभन मेंढी पडली तर?"

मी पाणी दिलं. आबा हौद्याच्या कडेला पाय सोडून बसले.

"गाडी चांगली केलीया त्यानं. तू सांगितलंस तशी केलीया. पोत्याला बराबर हाय."

एक उसाची बैलगाडी आमच्याकडे बघत बघत पुढे गेली. मग दादा खाली बघत बोलला. भरतीच्या दिवशीच कुणीतरी त्याला विचारलं होतं, घरी काय करता. त्याने सांगितलं. त्यानंतर बारा वर्षं, गाडी जरा कुठे अडली की मागून कुणीतरी 'मेंढ्या' म्हणून बें-बें करायचं. "हसत्यात, आबा. गॅरेजात बी हसतील. म्हनून न्हाई सांगितलं."

"तवा तू काय म्हनायचास?"

"काय न्हाई."

आबांनी फेटा झटकला. मला वाटलं आता दादाचं काही खरं नाही. पण आबा रागावले नव्हते. "दोनशे जित्राबं रस्त्यावरनं न्यायची, मागं एस्टी वाजतीया, म्होरं ऊस हाय, आन् एकानं बी उसाला तोंड लावायचं न्हाई. ते ज्याला येतं त्याला चार चाकं वळवाय कितीसा येळ? एवडं म्हनायचं हुतं. म्या असतो तर म्हनलो असतो." आणि मग, "तुला लाज वाटत असंल तर तसं सांग. म्या उद्याच यापाऱ्याला निरोप धाडतो. लाज वाटनाऱ्याच्या गाडीत म्या बसनार न्हाई, न् माजी मेंढरं बी न्हाई."

आता सगळं उघड्यावर आलं होतं. कातळ, टायर, पाटे हे सगळं एक इंचाचं होतं. कळप राहणार की जाणार हे इथे ठरणार होतं, तासगावच्या अलीकडे, चिंचेखाली. दादाने रस्त्याकडे बघितलं, मग आबांच्या सोलपटलेल्या तळव्यांकडे. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला आणि त्याने गाडी वळवली, सांगलीकडे.

भट्टीपाशी तीच माणसं होती, शिवाय दोन ट्रकवाले. अण्णा सुपारी कातरत होता. "काय रं, तुटलं काय?"

"न्हाई तुटलं," दादा म्हणाला. फौजेत हजेरीला उभं राहावं तसा तो उभा होता आणि आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "म्या खोटं सांगितलं. पोती न्हाई भरनार. मेंढरं हायती. आमची. गाभन मेंढ्या न् कोकरं न्यायची हायत."

एक ट्रकवाला फिसकन हसला. "मिल्ट्रीची गाडी, न् मेंढरास्नी?"

अण्णाने अडकित्ता खाली ठेवला. "तुज्या ट्रकात परवा काय हुतं? कोंबडखत. त्याला काय विमान आनू?" सगळेच हसले, ट्रकवालाही, आणि त्या हसण्यात दादाही होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने मान खाली घातली नव्हती.

पुढचे दोन तास अण्णाने दादाला नव्हे, आबांना प्रश्न विचारले. एका वेळी किती? उभी राहतात की बसतात? वळणावर सगळी एका अंगाला जातात का? आबा त्याला अशी माहिती देत होते जणू कुणीतरी पन्नास वर्षांनी योग्य प्रश्न विचारला होता. "पोतं एकदा टाकलं की पडून ऱ्हातंय," अण्णा म्हणाला. "जित्राब तोल सावरतंय. त्याला पाटा असा पायजे की त्याच्यासंगं खालवर हुईल." त्याने जाड पाटे काढले, त्याजागी एकेक पातळ घातला, आणि पाटे ज्या कड्यांना टांगलेले असतात त्या थोड्या लांब केल्या. उंची तेवढीच राहिली, आदळणं गेलं. मडगार्डपाशी पुन्हा काडेपेटी मावली. हौद्यात आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, खूर घसरू नयेत म्हणून. हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, आता उंच झालं होतं आणि गाभण मेंढीला उचलून घ्यायचं नसतं, म्हणून चढायला एक रुंद फळी करून दिली. आबा तिच्यावरून स्वतः चढून उतरून आले.

निघताना अण्णा दादाला म्हणाला, "परवाच सांगितलं असतंस तर एक दिस वाचला असता, मारया." कानडीत मारया म्हणजे बाबा रे. त्याने आमच्याकडून नुसते पातळ पाट्यांचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. मेंढरं त्याच्या आजोळच्या रानातही बसायची, एवढंच कारण दिलं.

सहाव्या दिवशी विटा, मायणी करत घरी आलो. आबा पुन्हा मागेच बसले होते, पण या वेळी मांडी घालून, आणि मायणीपाशी बघितलं तर चक्क झोपले होते.

सूर्य मावळायच्या आत ओढा गाठला. आई आणि निम्मी वाडी आधीच जमलेली. दादाने कातळापुढे गाडी थांबवली. आबा पलीकडे जाऊन पोटावर आडवे झाले, गाल जमिनीला टेकवून. दादाने पहिला गिअर टाकला. पुढची चाकं उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरली, पुढचा गोळा आला, गेला. मग मागचा. मी कान देऊन ऐकत होते. नुसता टायरखाली वाळू चिरडल्याचा आवाज.

"एक बोट जागा हाय," आबा जमिनीवरूनच म्हणाले. "करंगळी."

त्याच संध्याकाळी तळावर जाऊन बारा गाभण मेंढ्या फळीवरून चढवल्या, त्याच कातळावरून घराशी आणल्या, एकही पडली नाही. आईने सगळ्यांना चहा केला आणि स्वतः दोन कप प्यायली.

सातव्या दिवशी व्यापारी आला. माणूस वाईट नव्हता, दरवर्षी दोन-चार बोकड न्यायचा. आबा अंगणात बाजेवर बसले होते. व्यापाऱ्याने गाडीभोवती फेरी मारली, नव्या चाकांवर हात फिरवला आणि दादाला विचारलं, "लय झकास केली की गाडी. खडी वाहनार का ऊस?"

मी चुलीपाशी होते, तिथून उठून दारात आले. आबा काठीवर हनुवटी टेकून दादाकडे बघत राहिले.

"मेंढरं," दादा म्हणाला.

"कुटली मेंढरं?"

"तुमी न्यायला आलाय ती."

व्यापारी आबांकडे वळला. आबा म्हणाले, "मला काय इचारताय? गाडी त्याची हाय." आणि मग मला, "हिरे, पावन्यास्नी चा टाक."

ती गाडी आमच्याकडे अकरा वर्षं होती. आबा शेवटची सात वर्षं तिच्यात बसून कळपाबरोबर गेले, बहुतेक वेळा मागे. आज त्या ओढ्यावर पूल आहे, माझा भाचा चकाचक पिकअप घेऊन सरळ वरून जातो, आणि तिच्यात काय आहे ते तिच्या मागच्या फाळक्यावर त्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे. तुम्हाला तुमची गाडी उचलायची असेल तर माझ्या वहीतलं सगळं खुशाल घ्या: आधी खाली शिरून घासलंय कुठे ते बघा, टायर उंच पण अरुंद घ्या, स्टिअरिंग पुरतं वळवून काडेपेटी मावते का बघा. आणि मिस्त्री विचारेल, यात काय नेणार. त्याला खरं सांगा.